अर्धनारीश्वर, जिताडा आणि मराठी क्रियापद

स्त्री आणि पुरुष या दोन रकान्यांत न बसणाऱ्या माणसांविषयी अलीकडे मराठीत बरेच लिहिले जाऊ लागले आहे, ही चांगली गोष्ट आहे. पूर्वी हा विषय टाळीचा आवाज ऐकून खिडकी लावून घेण्याचा होता, नाहीतर विनोदी एकांकिकेत हमखास हशा मिळवण्याचा. आता कथा, आत्मकथने, लेख, भाषणे यांतून तो सभ्यपणे घरात आला आहे. पण हे लेखन वाचताना एक गोष्ट मला सारखी खटकत राहते. लेखक आपले म्हणणे मांडू लागला, की पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदातच दोन साक्षीदार उभे करतो. एक अर्धनारीश्वर, आणि दुसरे आधुनिक शास्त्र. ‘आपल्या संस्कृतीला हे कधीच ठाऊक होते’ हे पहिल्याने सांगायचे आणि ‘हे निसर्गातच आहे’ हे दुसऱ्याने. दोघांच्या जबान्या झाल्या, की लेखकाला वाटते, खटला जिंकला. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो माणूस मात्र कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून राहतो.

या दोन साक्षीदारांची थोडी उलटतपासणी करावी, असा प्रस्तुत लेखाचा विचार आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर हे कशाला, असे कुणी म्हणेल. पण एक मूर्ती, एक मासा आणि थोडे व्याकरण यांपलीकडे जड असे यात काही नाही. आणि तिन्ही वस्तू आपल्या घरच्याच आहेत.

पहिला साक्षीदार पाहायला मुंबई-पनवेलकरांना फार लांब जावे लागत नाही. न्हावा आणि शेवा ही मुळात दोन गावे. पहिले पनवेल तालुक्यातले, दुसरे उरणातले. १९८९ साली बंदर सुरू झाले आणि बाहेरच्या माणसाच्या तोंडी ती जोडून एकच होऊन बसली. बंदरासाठी शेव्याचा जुना कोळीवाडा उठला. १२ जानेवारी २०२४ पासून तर शिवडीहून समुद्रावरून थेट न्हावा-शेव्याला नेणारा जवळजवळ २२ किलोमीटरांचा पूल झाला आहे, आणि ज्या प्रवासाला पूर्वी अर्धा दिवस जाई, तो गाणी ऐकता ऐकता संपतो. या सगळ्या क्रेन्स आणि पेटाऱ्यांसमोर, खाडीत, घारापुरीचे बेट उभे आहे. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशा तीन वाड्या त्यावर आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी ज्या बेटाने दगडातून असला उजेड काढला, तिथे समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरांची तार टाकून कायमची वीज पोहोचायला २०१८ साल उजाडावे लागले, याला काय म्हणावे!

बेटावरच्या मोठ्या लेण्यात आपण समोरच्या भव्य त्रिमुखी शिवाकडे तोंड करून उभे राहिलो, की डाव्या हाताच्या, म्हणजे पूर्वेकडच्या चौकटीत अर्धनारीश्वर आहे. सुमारे पाच मीटर उंचीची मूर्ती. चार हात. उजवी बाजू पुरुषाची, डावी स्त्रीची. पुढचा उजवा हात नंदीवर विसावलेला, मागच्या उजव्या हातात नाग. मागच्या डाव्या हातात आरसा. मुकुट एकच, पण त्याच्या चुण्या स्त्रीच्या अंगाला मऊपणे उतरतात. आजूबाजूला हंसांवरचा ब्रह्मा, ऐरावतावरचा इंद्र, गरुडावरचा विष्णू अशी सारी देवसभा दाटली आहे. खालचा भाग पार फुटून गेला आहे. मूर्ती जणू धुक्यातून कमरेपर्यंत वर आल्यासारखी दिसते.

आपल्या लेखकांना या मूर्तीत दिसते ते गणित: अर्धा अधिक अर्धी बरोबर एक. मला वाटते, हे मूर्ती न पाहता लिहिणे झाले. ज्याला या मूर्तीचा प्रत्यय घ्यायचा आहे त्याने एक साधा प्रयोग करावा. हात डोळ्यांसमोर धरून मूर्तीचा अर्धा भाग झाकावा, आणि मग दुसरा. उरलेला भाग उभाच राहू शकत नाही! पुरुषाच्या बाजूने देह नंदीवर रेलला आहे म्हणूनच स्त्रीच्या बाजूची कंबर एवढी मोकळी बाहेर झेपावू शकते, आणि ती कंबर बाहेर गेली आहे म्हणून त्या रेलण्याला सुस्तीचे रूप येत नाही. देहाला तीन ठिकाणी बाक आहे, त्यामुळे मधोमध सरळ रेघ ओढावी म्हटले तर ती ओढताच येत नाही. आणि चेहरा? चेहऱ्यावर जोड कुठेच नाही. छातीपाशी जो भेद शिल्पकाराने उघड सांगितला, तो ओठांपाशी येईतो त्याने पुसून टाकला आहे. दोन अर्धी माणसे सांधणारा कारागीर वेगळा. ज्याने ही मूर्ती घडवली त्याला एकाच श्वासाचा देह दिसला होता.

ही मूर्ती चुकीची वाचण्याची परंपराही जुनी आहे. अठराव्या शतकातल्या काही युरोपीय प्रवाशांनी एकच स्तन पाहिला आणि त्यांना ग्रीक कथांतल्या एकस्तनी लढवय्या बायका, ॲमेझॉन, आठवल्या. त्यांच्या घरी जो साचा होता त्यात त्यांनी तिला बसवले. आपणही मधल्या शिवाला ब्रह्मा-विष्णू-महेश समजून ‘त्रिमूर्ती’ म्हणत राहिलो. वास्तविक ती तिन्ही मुखे शिवाचीच. आपल्या डाव्या हाताचे उग्र भैरवाचे, मधले शांत आणि उजव्या हाताचे कोमल, स्त्रीरूपाचे. म्हणजे शेजारच्या चौकटीत जे देहातून सांगितले, तेच इथे मुखांतून. पण इतका वेळ थांबून पाहतो कोण? आपल्याला नाव हवे असते. नाव मिळाले की डोळे मिटायला आपण मोकळे.

आता या साक्षीदाराला मी दुसरा प्रश्न विचारतो. त्याची साक्ष कशाबद्दल आहे? शिव आणि शक्ती यांच्या ऐक्याबद्दल. ते तत्त्वज्ञान आहे, स्तोत्र आहे. रस्त्यावरच्या माणसाचे चित्र नव्हे. देवाच्या देहात जे वंदनीय ठरले, ते शेजाऱ्याच्या देहात वंदनीय ठरल्याचा पुरावा मूर्तीपाशी मागू नये. एक योगायोग पाहा. जेम्स बर्जेस यांचे घारापुरीच्या लेण्यांवरचे पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झाले. त्यात या मूर्तीचे बारकाईने वर्णन आहे. त्याच १८७१ साली सरकारने ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा केला आणि त्याच्या एका भागात उत्तर हिंदुस्थानातल्या हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. एका टेबलावर मूर्तीचे मोजमाप चालले होते आणि दुसऱ्या टेबलावर माणसांची हजेरी. कायदा परक्यांचा होता, हे खरे. पण मूर्तीसमोर हात जोडणाऱ्या आपल्या समाजाने त्या माणसांसाठी कुठे दार उघडून ठेवले होते?

दुसरा साक्षीदार आहे शास्त्र; आणि त्याची ओळख करून द्यायला मी सूक्ष्मदर्शकाऐवजी जिताड्यापासून सुरुवात करतो. उरण, पनवेल, पेण, अलिबाग या पट्ट्यात जिताड्याचे कौतुक सांगायला नको. खाडीतला हा मासा शेतातल्या तळ्यांतूनही वाढवतात, आणि जावई घरी आला की जिताडाच हवा असे मानणारी घरे अजून आहेत. जिताडा हा शब्द पुल्लिंगी. ‘जिताडा मोठा घावला’ असेच म्हणायचे. आता गंमत अशी, की जिताडा बहुधा आयुष्याच्या पहिल्या भागात नर असतो. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो, आणि पुढे सहा ते आठ वर्षांच्या सुमारास, अंगाने चांगला भरला, की त्याची मादी होते. पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावर अभ्यास करून हे १९७९ साली सविस्तर मांडले गेले. गाबोळी निघायची ती मोठ्या जिताड्यात, लहानात नव्हे, याचे कारण हेच. हेकरूच्या कुळातल्या माशांत नेमका उलटा क्रम, आधी मादी आणि मग त्यांतल्या काहींचा नर. खडकाला चिकटलेल्या कालवांतही असा बदल होतो. आणि कालव हा शब्द मात्र मराठीने शहाणपणाने नपुंसकलिंगीच ठेवला आहे. पानात वाढलेला रुबाबदार ‘जिताडा’ पुष्कळदा जिताडी असतो, हे जावयाला कुणी सांगत नाही इतकेच.

ही माहिती मनोरंजक आहे. पण तिच्यावरून आपले लेखक जी उडी घेतात, ती मला पटत नाही. ‘माशांत आहे, म्हणजे माणसात असले तर काय बिघडले?’ हा युक्तिवाद दयाळूपणाचा आहे, आणि दुबळा आहे. निसर्गात नराला खाऊन टाकणारी कोळ्याची मादीही आहे. तिचा दाखला घेऊन कुणी संसार मांडत नाही. निसर्ग म्हणजे वर्तनाची संहिता नव्हे. शिवाय मासा कशाचा बदल करतो, तर देहाचा, आणि तो कुणाला विचारून नव्हे. माणसाचा प्रश्न निराळा आहे. तिथे देह पुष्कळदा आहे तसाच असतो आणि आतला ‘मी’ त्याला हुंकार देत नाही. जिताड्याला असा ‘मी’ आहे की नाही, हे जिताडाच जाणे.

तरीही जिताडा एक गोष्ट शिकवतो, आणि ती गर्भशास्त्रही शिकवते: नर आणि मादी या आरंभापासून शिक्का मारून आलेल्या दोन जाती नव्हेत. माणसाचा गर्भ सुमारे सहा आठवड्यांचा होईपर्यंत दोन्ही वाटांची तयारी करून बसलेला असतो. त्याच्यात नलिकांच्या दोन जोड्या असतात, एक पुढे पुरुषाच्या अवयवांसाठी उपयोगी पडणारी, दुसरी स्त्रीच्या. पुढे एक वाढते, दुसरी बहुतांशी विरून जाते. ‘प्रत्येक गर्भ आधी स्त्रीच असतो’ असे एक वाक्य हल्ली भाषणांतून टाळ्या घेते. वाक्य चुरचुरीत आहे, पण खरे नव्हे. दोन्ही शक्यता घेऊन थांबलेल्या जिवाला आपण पुन्हा घाईने एकीच्याच रकान्यात घालतो, एवढेच त्यातून होते. मराठी भाषेने यापेक्षा बरे काम केले आहे. ती म्हणते, ‘ते मूल’.

शास्त्राची ही गोष्ट १८९१ सालापासून सांगायला हवी. त्या वर्षी हेन्किंग या जर्मन शास्त्रज्ञाला एका किड्याच्या पेशीत एक न उलगडणारा कण दिसला. त्याने त्याला ‘एक्स’ म्हटले. त्या अक्षराचा तोरा पुढे इतका वाढला, की आज शाळकरी मुलेही ‘एक्स-एक्स म्हणजे मुलगी, एक्स-वाय म्हणजे मुलगा’ असे पाढ्यासारखे म्हणतात. वायचा छडा १९०५ साली लागला. तो लावणारी नेटी स्टीव्हन्स ही अमेरिकन बाई पिठातल्या अळ्यांवर काम करीत होती. त्याच सुमारास विल्सन हे मोठे शास्त्रज्ञही त्याच निष्कर्षाला आले. पुस्तकांनी श्रेय बराच काळ त्यांच्याच पदरात टाकले. ब्रिन मॉर कॉलेजने तिच्यासाठी संशोधनाची प्राध्यापकी तयार केली, पण ती स्वीकारण्यापूर्वीच, १९१२ साली, ती वारली. स्त्रीत्व-पुरुषत्वाची कळ जिने शोधली, तिच्या स्वतःच्या स्त्रीत्वाने तिची वाट अडवावी! आणि हे फक्त तिकडेच होते असे नव्हे. १९३३ साली आपल्या कमला भागवत, पुढच्या डॉ. कमला सोहोनी, बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत गेल्या तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना आधी नकार दिला होता. मग अटी घालून घेतले; १९३९ साली त्या केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या. शास्त्र निर्लिंगी असते, असे आपण समजतो; शास्त्रज्ञांच्या खुर्च्या तशा नसतात.

असो. पाढा पाठ करणे सोपे, पण निसर्गाने तो मोडून दाखवला. एक्स-वाय असूनही देह बाहेरून सर्वस्वी स्त्रीचा, अशी माणसे असतात; कारण त्यांच्या पेशी पुरुषी संप्रेरकाला दादच देत नाहीत. एक्स-एक्स असून पुरुष झालेलेही आहेत. १९९० साली वायवरचा एस. आर. वाय. नावाचा जनुक सापडला आणि वाटले, किल्ली मिळाली. पुढे लक्षात आले, की ती एका मोठ्या साखळीची पहिली कडी आहे. तरी या किल्लीचा मोह सुटत नाही. १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकपासून बायकांच्या स्पर्धांत पेशी तपासणे सुरू झाले. १९९९ साली ते थांबवले. आणि २०२५ साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने बायकांच्या गटासाठी त्याच एस. आर. वाय.ची चाचणी पुन्हा आणली. मधल्या काळात, २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटर धावून रौप्यपदक मिळवलेल्या तामिळनाडूच्या शांती सौंदरराजन यांचे पदक काढून घेतले गेले होते. गरीब घरातली ती मुलगी धावली होती स्वतःच्याच पायांनी. स्पर्धा सर्वांना न्याय्य कशी ठेवावी हा प्रश्न खोटा नाही, आणि तो या लेखाने सुटणारही नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की प्रयोगशाळेच्या एका ओळीने माणसाच्या सगळ्या आयुष्याला उत्तर दिले असे जेव्हा आपण समजतो, तेव्हा ती ओळ लिहिणारेही थोडे चपापत असतील.

शिवाय हा साक्षीदार जबानी बदलतो! ते त्याचे भूषण आहे, पण वकिलाने ते ध्यानात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत, देहाचे लिंग एक आणि मनाची ओळख दुसरी असणे, हे वर्षानुवर्षे मनोविकारांच्या प्रकरणात होते. २०१९ साली मान्य झालेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या सूचीने ते तिथून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेले. म्हणजे ‘शास्त्र सांगते’ या दोन शब्दांवर ज्याने १९९० साली भिस्त ठेवली असती, त्याला ऐकावे लागले असते, की हा आजार आहे. त्या माणसांची माणुसकी तेव्हा कमी होती आणि आता वाढली, असे थोडेच आहे?

आपल्या शब्दांनीही इथे गोंधळ घातला आहे. जास्वंदीचे फूल उभयलिंगी, गांडूळ उभयलिंगी, हे आपण शाळेत शिकलो. आता वर्तमानपत्रे स्त्री आणि पुरुष दोघांचेही आकर्षण वाटणाऱ्या माणसाला ‘उभयलिंगी’ म्हणतात, आणि जन्मतः देहाची घडण दोहोंच्या मधली असणाऱ्यालाही तेच म्हणतात. फूल, गांडूळ आणि दोन निरनिराळी माणसे एकाच दावणीला! वास्तविक ‘लिंग’ या शब्दाचा मूळ अर्थ खूण. न्यायशास्त्रात धूर हे अग्नीचे लिंग. धुरावरून आपण अग्नीचे अनुमान करतो. मला हा जुना अर्थ फार उपयोगी वाटतो. एक्स-वाय ही खूण आहे, संप्रेरके ही खूण आहे, देहाची घडण ही खूण आहे. खुणेवरून अनुमान निघते, आणि अनुमान बहुधा बरोबर ठरते. पण नैयायिकांनी हेत्वाभासांचाही अभ्यास केला होता. सकाळच्या धुक्याला धूर समजून बंब बोलावणारा माणूस त्यांना ठाऊक होता. आणि आत बसलेला माणूस स्वतःच बोलत असेल, तर केवळ खुणांवरूनच अनुमान करीत राहण्याचे कारण काय?

शास्त्राकडे दिवा म्हणून पाहणारा एक माणूस मराठीत होऊन गेला. र. धों. कर्वे. १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. वाचक जे कुणालाच विचारू शकत नसत ते त्यांना विचारीत, आणि ते छापून उत्तर देत. त्याच गुन्ह्यासाठी १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला, २०० रुपये दंड झाला. कर्व्यांचे गद्य रुक्ष आहे, त्यांच्या काही मतांना काळाने मागे टाकले आहे, आणि त्यांचा शास्त्रावरचा विश्वास कधी कधी श्रद्धेच्या जवळ जातो. पण एक गोष्ट त्यांनी अचूक केली. प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडूनच प्रश्न येऊ दिला.

आपल्या नाटकाने तेवढे केले नाही. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले, हे धाडस होतेच. सुमित्रा देव ही कॉलेजची मुलगी, नाटकात पुरुषाची भूमिका करते, आणि त्या भूमिकेतले प्रेम तिला स्वतःचे म्हणून उमगते. शीर्षकातच एक सुंदर चकवा आहे. मराठीत ‘मित्र’ आणि ‘मित्रा’ या दोघांनाही षष्ठीत ‘मित्राची’ असेच रूप येते. गोष्ट मुलाची की मुलीची, व्याकरण सांगत नाही. पण ही गोष्ट सांगतो कोण? बापू. हळवा, बुजरा, चांगला मुलगा. तिला समजून घ्यायला धडपडणारा. आपण तिला त्याच्या डोळ्यांतून पाहतो, त्याच्या भीतीतून, त्याच्या दयेतून. आणि शेवटी मित्रा मरते. तेंडुलकरांसारख्या निर्भय लेखकालाही तिला मधस्थाशिवाय बोलू देणे जमले नाही. की १९८१ च्या प्रेक्षागृहाला ते पेलले नसते? मला वाटते, दोन्ही.

म्हणून ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ या पुस्तकाचे २०१२ साली येणे ही मला वाङ्मयीन घटना वाटते. लक्ष्मीनारायण त्रिपाठी ठाण्यात वाढल्या. त्यांची हकीगत वैशाली रोडे यांनी शब्दबद्ध केली. पुस्तक सर्वत्र सारखे उतरलेले नाही. सभा, परदेशवाऱ्या यांच्या वर्णनात ते पातळ होते, आणि बोलण्याच्या ओघात जे क्षण थांबून पाहायला हवे होते ते निसटतात. पण इथे कुणी साक्षीदार आधी उभा केलेला नाही. शीर्षकात दोनदा ‘मी’ आहे. पहिल्या ‘मी’पुढे जगाने फेकलेला शब्द, तो उचलून घेतलेला, दुसऱ्या ‘मी’पुढे स्वतःचे नाव. दोघांच्या मधल्या तीन टिंबांत पुस्तकातले निम्मे आयुष्य आहे. दोनच वर्षांनी, १५ एप्रिल २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने, ज्या खटल्यात लक्ष्मी याही एक पक्षकार होत्या त्यात, माणसाने स्वतःची ओळख स्वतः सांगावी, तिच्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती नसावी, असे मानले. २०१९ च्या कायद्याने पुन्हा जिल्हाधिकाऱ्याच्या दाखल्याची पायरी मध्ये घातली. पुन्हा बाक, पुन्हा कोर्टाचा व्हरांडा.

त्या शीर्षकात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मराठी वाचकालाच दिसेल. त्यात क्रियापद नाही. इंग्रजी माणूस ‘मी येतो’ म्हणताना स्वतःविषयी काही सांगत नाही; बंगाली माणूसही नाही. मराठी माणसाला ‘येतो’ की ‘येते’ हे ठरवल्याशिवाय दार उघडता येत नाही. म्हणजे जो दाखला सरकार मागते, तो आपण रोज पन्नास वेळा, चहा मागताना, दमून घरी परतताना देत असतो. आणि कोल्हापूरकडच्या पोरी ‘मी येतो गं’ म्हणून खुशाल बाहेर पडतात, त्यांच्या बाईपणाला काही होत नाही. नपुंसकलिंगाचेही तसेच. हे नाव वैयाकरणांनी दिले आणि पुढे त्याची शिवी झाली. पण बोलीत हे लिंग मायेचे आहे. लेकरू दमलं, म्हातारं निजलं, बिचारं एकटंच राहिलं. ज्याच्यावर जीव जडतो त्याला मराठी माणूस स्त्री-पुरुषांतून सोडवून घेतो. तेच ‘ते’ लोकलच्या डब्यात, टाळी वाजली की, तोंड फिरवून म्हटले जाते: ‘आलं बघ ते’. शब्द तोच, मुरड निराळी. कथाकारांनी हे ‘ते’ नीट ऐकायला हवे होते. मी जे वाचले त्यात कुठेही ते ऐकलेले मला दिसले नाही.

दुसऱ्याची हकीगत शब्दबद्ध करणाऱ्यापुढे तर हा प्रश्न पानोपानी येतो. घरी ज्याला ‘तो’ म्हणून वाढवले, आणि जी आज ‘ती’ आहे, तिच्या सातव्या वर्षी ती शाळेत ‘गेलो’ की ‘गेले’? मराठीत काही काळ यातून पळता येते. मी पाहिले, मी ऐकले, मला वाटले, मी सांगेन, यांत लिंग लपून राहते. ते उघडे पडते ते जाणे, येणे, पळणे, पडणे, हसणे, रडणे या क्रियापदांत; जिथे दुसऱ्या कशाला काही केलेले नसते, स्वतःचाच जीव हललेला असतो. असले पुस्तक हाती आले, की मी आता प्रस्तावना सोडून देतो आणि पहिले ‘रडले’ किंवा ‘रडलो’ कुठे येते ते शोधतो.